अँटेनाच्या वाटेने आलेला संगणक

टीव्हीच्या मागे तळहाताएवढा संगणक अडकवायचा, एक एचडीएमआय केबल खोचायची आणि चित्र व आवाज दोन्ही एकदम मिळवायचे, ही आता घराघरांतली साधी गोष्ट झाली आहे. या जोडणीला काही इतिहास असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. कधी सांगितलाच तर तो असा सांगितला जातो की सुरुवातीच्या काळात मॉनिटर परवडत नव्हता म्हणून लोकांनी घरातला टीव्ही वापरला, पुढे मॉनिटर स्वस्त झाले आणि ती तडजोड संपली. मला हे सांगणे अपुरे वाटते, आणि काही अंशी दिशाभूल करणारेही. टीव्ही हा संगणकाने काही वर्षांसाठी उसना घेतलेला पडदा नव्हता. यंत्र किती वेगाने चालेल, एका ओळीत किती अक्षरे मावतील, रंग कोणते दिसतील, चित्राभोवती रिकामी चौकट का राहील आणि आवाज कुठून निघेल, या सगळ्या गोष्टी टीव्हीच्या मापाने बेतल्या गेल्या. संगणक टीव्हीपासून वेगळा झाल्यावरही ती मापे त्याच्या अंगात राहिली, आणि आज दोघे पुन्हा एकत्र आले आहेत तेही बऱ्याच अंशी टीव्हीच्याच अटींवर.

सुरुवात टीव्हीच्या डब्यापासूनच करायला हवी. १९७० च्या दशकातल्या साध्या घरगुती टीव्हीत बाहेरचे चित्र घेण्याची एकच वाट होती, ती म्हणजे पाठीमागची अँटेनाची जोडणी. पिवळी, पांढरी, तांबडी सॉकेटे पुढची. डबा उघडून आतल्या सर्किटला तार जोडावी म्हटले तर जिवावर बेतण्याची भीती होती, कारण खर्च वाचवण्यासाठी अनेक संचांतून विजेचा ट्रान्सफॉर्मर गाळलेला असे आणि आतला धातूचा सांगाडा थेट घरच्या वीजपुरवठ्याशी जोडलेला असे. त्यामुळे टीव्हीवर आपले चित्र उमटवू पाहणाऱ्या यंत्राला स्वतःच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र व्हावे लागे. आपले चित्र एखाद्या वाहिनीच्या लहरीवर चढवायचे, ती लहर तारेने अँटेनाच्या जागी पोचवायची, म्हणजे टीव्ही ते दूरच्या मनोऱ्यावरून आलेले प्रक्षेपण समजून दाखवू लागे. हे काम करणारी डबी म्हणजे मॉड्युलेटर. अमेरिकेत त्यासाठी ३ किंवा ४ क्रमांकाची वाहिनी वापरत, आपल्या गावात जी मोकळी असेल ती. ब्रिटनमध्ये यूएचएफ पट्ट्यातली ३६ वी. वाहिनी नीट जुळली नाही तर पडद्यावर मुंग्या येत किंवा चित्र वाकडे होऊन सरकू लागे. या वाटेने पहिल्यांदा संगणक आला नाही, खेळ आला. राल्फ बेअर या अभियंत्याने सँडर्स असोसिएट्स या अमेरिकी संरक्षण कंपनीत १९६६ साली ही कल्पना मांडली आणि तिच्यातून १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्सचे ओडिसी हे घरगुती खेळयंत्र बाजारात आले. ते पडद्यावर पांढरे ठिपके आणि रेघ एवढेच दाखवू शके, म्हणून मैदान किंवा रस्ता छापलेले पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवावे लागत. त्याला आवाज मुळीच नव्हता. चित्र आधी आणि आवाज मागाहून, हा क्रम पुढे कितीतरी वेळा दिसतो.

खेळाच्या पाठोपाठ अक्षरे आली. सप्टेंबर १९७३ च्या ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर डॉन लँकेस्टर यांचा ‘टीव्ही टाइपरायटर’ झळकला. कळफलकावर टंकलेली अक्षरे साध्या टीव्हीवर दाखवणारे हे यंत्र हौशी माणसाने घरी बसून जोडायचे होते. त्यात १६ ओळी होत्या आणि दर ओळीत ३२ अक्षरे. त्या काळच्या स्मृतीची किंमत हे या मर्यादेचे एक कारण, पण दुसरे कारण टीव्हीच्या रचनेतच होते. ६२५ रेषांच्या पद्धतीत पडद्यावरची एक आडवी रेषा काढायला ६४ मायक्रोसेकंद लागतात, त्यातले सुमारे ५२ प्रत्यक्ष चित्राचे. कडेची रेघ टीव्हीच्या चौकटीआड जाते हे धरले की हाती ४० मायक्रोसेकंदांच्या आसपास उरतात. तेवढ्या वेळात ८० अक्षरे, प्रत्येक अक्षर आठ ठिपके रुंद, म्हणजे ६४० ठिपके काढायचे तर दर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठिपके पाठवावे लागतील. टीव्हीचे परिपथ त्याच्या निम्म्यालाही धड न्याय देऊ शकत नव्हते, मग अक्षरे एकमेकांत मिसळून त्यांचा चिखल होई. ४० अक्षरे मात्र निभत. कार्यालयीन संगणकांच्या पडद्यांवर ८० अक्षरांची ओळ केव्हाच रुळली होती. ॲपल-२, कमोडोर ६४ अशा घरगुती यंत्रांची ओळ ४० वर थांबली आणि ब्रिटनच्या सिंक्लेअर यंत्रांची ३२ वर, ती या हिशेबामुळे. १९७९ मध्ये आलेला व्हिजिकॅल्क हा पहिला गाजलेला हिशेबतक्ता ॲपल-२ च्या त्याच ४० अक्षरांत बसवलेला होता. पुढे ८० अक्षरांचे जादा कार्ड बसवता येऊ लागले, पण ते बसवले की टीव्ही सोडून मॉनिटर घ्यावा लागे.

ॲपल-२ ची हकिगत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण टीव्ही यंत्राच्या अंतरंगापर्यंत कसा शिरला हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. अमेरिकेने १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत स्वीकारली. तिच्यात रंगाची माहिती ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या एका उपलहरीवर बसवलेली असते. कृष्णधवल संचांना जुनेच चित्र दिसत राहावे आणि रंगीत संचांना त्यातून रंग वेचता यावा, यासाठी निवडलेला हा चमत्कारिक आकडा. १९७७ मध्ये आलेला ॲपल-२ रचताना स्टीव्ह वॉझनियाक यांनी या आकड्याच्या चौपट, म्हणजे १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक यंत्रात बसवला आणि त्यावरूनच सगळे काही चालवले. पडद्यावर ठिपके पाठवण्याचा वेग उपलहरीच्या बरोबर दुप्पट ठेवला. परिणाम असा की सम जागी टाकलेला पांढरा ठिपका टीव्हीला एका रंगाचा वाटे आणि विषम जागी टाकलेला दुसऱ्या रंगाचा. जांभळा आणि हिरवा, आणि ठिपका अर्ध्या घराने सरकवला की निळा आणि नारिंगी. रंग तयार करणारा वेगळा परिपथ जवळजवळ लागलाच नाही. टीव्हीची समजूत हाच रंग. संगणकाचा मेंदू, म्हणजे ६५०२ ही चिप, त्याच स्फटिकाला १४ ने भागून मिळणाऱ्या सुमारे १.०२ मेगाहर्ट्झवर चाले. पण पडद्याच्या एका रेषेत मेंदूचे ६५ ठोके बसवले तर रंगाच्या लयीशी थोडा फरक राही. म्हणून प्रत्येक रेषेतला एक ठोका मुद्दाम किंचित लांब केलेला होता. घरी बसून कुणी हिशेबाचा प्रोग्रॅम चालवत असो, टीव्ही बंद असो की चालू, ॲपल-२ चा मेंदू दर रेषेला क्षणभर थबकत असे, तो एनटीएससीच्या रंगाची लय चुकू नये म्हणून. यंत्राच्या नाडीवर टीव्हीचा असा हात होता. पीएएल पद्धतीच्या युरोपात रंग वेगळ्या प्रकारे बांधलेला असल्याने तिथे ही युक्ती चालली नाही, आणि तिकडच्या ॲपल-२ ला रंगासाठी वेगळे कार्ड लागले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. घरगुती यंत्रे ही खेळण्यांची शाखा होती, आजच्या संगणकाचा वंश आयबीएमच्या कार्यालयीन यंत्रापासून चालत आला, आणि त्या वंशाला टीव्हीशी काही देणेघेणे नव्हते, असे म्हणता येईल. पुरावा मात्र उलटी साक्ष देतो. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत इंटेलची ८०८८ चिप होती आणि ती ५ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकत होती. आयबीएमने ती ४.७७ वर चालवली. हा विचित्र आकडा १४.३१८१८ ला तीनने भागून येतो. आयबीएमच्या यंत्रातही टीव्हीच्या रंगाचा तोच स्फटिक होता, कारण ग्राहक हे यंत्र रंगीत टीव्हीला जोडतील ही शक्यता कंपनीने धरली होती, आणि एकाच स्फटिकात रंग, मेंदू आणि घड्याळ तिन्ही भागत होते. तिच्या सीजीए या रंगीत कार्डावर टीव्हीला चालेल असा संदेश देणारे सॉकेट होते आणि मॉड्युलेटर जोडायची सोयही. याच स्फटिकाला १२ ने भागून पीसीचा कालमापक सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके देई, आणि पीसीच्या छोट्या स्पीकरमधून निघणारा प्रत्येक सूर या ठोक्यांना भागून काढलेला असे. त्या वेळच्या प्रोग्रॅमशी मेळ राखण्यासाठी पुढच्या पिढ्यांनीही हा आकडा जपला. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात तो स्थिरांक म्हणून आजही लिहिलेला आहे. कार्यालयीन वंश टीव्हीपासून अलिप्त होता हे म्हणणे या एका आकड्यापुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सारे केवळ स्वस्तपणामुळे झाले, त्यात घाट वगैरे शोधण्यात अर्थ नाही. स्वस्तपणा हे कारण होते हे मान्यच आहे. पण कारण साधे असले म्हणून परिणाम उथळ ठरत नाही, आणि शिवाय टीव्ही वापरणे नेहमी स्वस्त पडत होते असेही नाही. अमेरिकेत दळणवळण आयोगाचे नियम असे होते की टीव्हीला जोडायच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींनी शेजाऱ्याच्या टीव्हीवर अडथळा येता कामा नये. त्यांची पूर्तता महागात पडे. ॲपलने मॉड्युलेटर यंत्रात बसवलाच नाही; तो दुसऱ्या छोट्या कंपनीने ‘सुपरमॉड’ नावाने वेगळा विकला, म्हणजे संगणक नियमाबाहेर राहिला आणि ग्राहकाने दुकानातून दोन वस्तू घेऊन घरी जोडायच्या. अटारीने १९७९ च्या ४०० आणि ८०० या यंत्रांत मॉड्युलेटर आत ठेवला आणि त्यासाठी सगळे सर्किट जाड ओतीव ॲल्युमिनियमच्या कवचात बंद केले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला त्याच वर्षी आपल्या टीआय-९९/४ साठी मंजूर मॉड्युलेटर वेळेत मिळाला नाही, म्हणून ते यंत्र मॉनिटरसकट ११५० डॉलरना विकावे लागले आणि त्या किमतीने त्याचे मोठे नुकसान केले. तीन कंपन्या आणि तीन वेगळे आकार, पण त्यामागे एकच वायर आणि एकच नियम. यंत्राचे वजन, किंमत आणि सुटे भाग टीव्हीच्या कायद्याने ठरत होते. याला नुसती काटकसर म्हणता येणार नाही.

ब्रिटनमध्ये हे नाते आणखी घट्ट झाले. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स८० हा संगणक १९८० मध्ये ९९.९५ पौंडांना निघाला. त्यात चित्रासाठी वेगळी चिप नव्हती, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका मेंदू स्वतःच पाठवत असे. कळ दाबली की मेंदू तिकडे वळे आणि तेवढ्यापुरते टीव्हीवरचे चित्र नाहीसे होई. पुढच्या वर्षीच्या झेडएक्स८१ ने ६९.९५ पौंडांत यावर तोड काढली: ‘स्लो’ स्थितीत चित्र टिके पण हिशेब रखडे, ‘फास्ट’ स्थितीत हिशेब धावे पण पडदा कोरा पडे. टीव्हीला सेकंदाला ५० वेळा नवे चित्र हवे असते आणि ते क्षणभरही थांबत नाही, हे त्या यंत्रासमोर बसलेल्या प्रत्येक मुलाला अनुभवाने कळले. सिंक्लेअरच्याच १९८२ च्या स्पेक्ट्रम या संगणकाने २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचे चित्र दिले आणि भोवती रंगीत रिकामी पट्टी ठेवली. ही पट्टी शोभेची नव्हती. काचनळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड लपवण्याची रीत होती, कारण वीजदाब कमीजास्त झाला की चित्र आकसे आणि काळी कड दिसे. म्हणून चित्र मुद्दाम पडद्याहून थोडे मोठे पसरवत. अक्षरे त्या लपलेल्या भागात जाऊ नयेत यासाठी संगणकाने भोवती मोकळी जागा सोडली. बीबीसी मायक्रोची गोष्ट तर टीव्ही संस्थेनेच संगणक घडवून घेतल्याची आहे. बीबीसीला संगणक साक्षरतेची मालिका दाखवायची होती, तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हे यंत्र बनवले आणि जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. त्याच्या सातव्या चित्रस्थितीत टीव्हीवरच्या टेलिटेक्स्ट बातमीपानांसाठी बनवलेली चिप वापरली होती, त्यामुळे रंगीत अक्षरांचे पूर्ण पान अवघ्या १ किलोबाइट स्मृतीत मावे. ८० अक्षरांच्या पानाला १६ ते २० किलोबाइट लागत, आणि साध्या टीव्हीवर ते वाचवतही नसे.

आवाजाची कहाणी वेगळी, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. झेडएक्स८१ मुका होता. स्पेक्ट्रमची टिटी त्याच्याच कळफलकाखालच्या बारीक स्पीकरमधून वाजे, टीव्हीला तिची दादही नसे. कमोडोर ६४ ने मात्र १९८२ मध्ये चित्रासोबत आवाजही मॉड्युलेटरमधून पाठवला, आणि बॉब यानस यांनी रचलेल्या तीन सुरांच्या सिड चिपचे संगीत दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या स्पीकरवर उमटले. स्वस्त संगणकातून संगीत रचणाऱ्यांची एक पिढी त्यातून उभी राहिली. पण इथेही टीव्हीची अट आड आली. संगीताची चाल बहुधा पडद्याच्या प्रत्येक नव्या चित्रागणिक एक पाऊल पुढे सरके. युरोपात सेकंदाला ५० चित्रे, अमेरिकेत ६०. म्हणून युरोपात बांधलेली चाल अमेरिकेत २० टक्के जलद वाजे. टीव्हीची पद्धत बदलली की संगीताची लयच बदलत असे. शिवाय आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून किती अंतरावर असावी हे प्रत्येक देशाने वेगळे ठरवले होते. ब्रिटनमध्ये ६ मेगाहर्ट्झ, भारतात आणि युरोपच्या बऱ्याच भागांत ५.५, अमेरिकेत ४.५. परदेशी यंत्राचे चित्र इथल्या संचावर कसेबसे लागले तरी आवाजाच्या जागी नुसती खरखर ऐकू यायची, त्याचे कारण हे अंतर. एकाच तारेतून निघालेले चित्र आणि आवाज देशाची सीमा ओलांडताना वेगळे होत.

भारतात हा सगळा प्रवाह फार क्षीण पोचला, हे प्रांजळपणे नोंदवायला हवे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, रंग १९८२ मध्ये आला, आणि तोवर आपले प्रक्षेपण व्हीएचएफ पट्ट्यात होते. ब्रिटिश संगणकांचे यूएचएफ मॉड्युलेटर त्या काळच्या बहुतेक संचांच्या आवाक्याबाहेरचे. १९८४ च्या सुमारास ‘क्लास’ या सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो निवडक शाळांत आले. पण मराठी मध्यमवर्गाला संगणक भेटला तो बँकेत, कार्यालयात, संगणकाच्या खासगी क्लासमध्ये आणि पुढे सायबर कॅफेत, म्हणजे मॉनिटरसकट. घरात एकच टीव्ही, तो साऱ्या कुटुंबाचा, आणि आयात केलेले यंत्र पगारदाराच्या खिशाला न झेपणारे. तिथे मुलाने टीव्ही अडवून संगणक शिकावा हे घडणे अवघड होते. टीव्हीच्या वाटेने आपल्याकडे १९९० च्या दशकात आला तो खेळ, जपानी निन्टेंडोच्या घरगुती यंत्राची स्वस्त नक्कल आणि तिच्यासोबतच्या कॅसेटी. अँटेनाची चपटी वायर काढून त्या जागी खेळाची केबल लावणे, वाहिनी जुळवत बसणे, पुढे नव्या टीव्हीवर पिवळी वायर चित्राला आणि पांढरी-तांबडी आवाजाला लावणे, हे ज्ञान इथल्या मुलांनी त्या खेळांतून मिळवले. यावरून कुणी म्हणेल की माझा मुद्दा ब्रिटन-अमेरिकेपुरताच खरा. मला यात उलट आधार दिसतो. ब्रिटनमध्ये ज्या मुलांनी टीव्हीसमोर बसून बेसिक या संगणकभाषेच्या ओळी लिहिल्या त्यांच्यातून तिथला सॉफ्टवेअरचा घरगुती उद्योग वाढला. आपल्याकडे ती वाट बंद राहिली तेव्हा संगणक हा घरातला विषय न होता फी भरून क्लासमध्ये शिकायचा विषय झाला. ही वाट उघडी किंवा बंद असण्याने एवढा फरक पडतो, याचा अर्थ ती नुसती सोय नव्हती.

मग दोघांची फारकत झाली. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए ही पडद्याची नवी जोडणी आणली आणि पडद्यावर रेषा काढण्याचा वेग टीव्हीच्या दुप्पट, सेकंदाला सुमारे ३१,५०० केला. टीव्हीला त्याच्याशी सूर जुळवता येईना. अक्षरे सुबक झाली, ८० ची ओळ वाचनीय झाली, आणि कार्यालयीन कामासाठी हे योग्यच होते. या फारकतीत आवाज मात्र रस्त्यावर आला. व्हीजीएच्या १५ पिनांत आवाजाला जागा नव्हती. १९८९ च्या साउंड ब्लास्टरसारखी वेगळी कार्डे, त्यांच्या वेगळ्या तारा आणि टेबलावर वेगळे स्पीकर आले. हे अटळ होते असे मला वाटत नाही. फ्रान्सने १९८० च्या सुमारासच नव्या टीव्हीवर स्कार्ट हे २१ पिनांचे सॉकेट सक्तीचे केले होते, आणि त्या एकाच खोबणीतून तांबडा, हिरवा, निळा हे तीन रंग स्वतंत्रपणे आणि दोन बाजूंचा आवाज असे सगळे जात असे. स्वच्छ चित्र आणि आवाज एकत्र नेता येतात हे युरोपच्या दिवाणखान्यांत सिद्ध झालेले होते. संगणक उद्योगाने ते पाहिले नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा कार्यालय होते आणि कार्यालयाला आवाज नको होता. १९९९ ची डीव्हीआय ही डिजिटल जोडणीही याच सवयीतून निघाली आणि तीही मुकीच राहिली. ॲपलचा २००५ चा पहिला मॅक मिनी हा छोटा संगणक अनेकांनी टीव्हीसाठी घेतला, तेव्हा चित्राची डीव्हीआय केबल वेगळी आणि आवाजाची बारीक जॅकची केबल वेगळी लावावी लागली. त्या यंत्रावर एचडीएमआय आले २०१० मध्ये.

एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाला, आणि तो ठरवणाऱ्यांत हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा असे टीव्ही बनवणारेच बहुसंख्य होते. चिप बनवणारी सिलिकॉन इमेज तेवढी वेगळी. त्यांनी डीव्हीआयचे चित्र आहे तसे ठेवले आणि त्यात आवाजासाठी जागा शोधली. ती जागा कुठे सापडली हे लक्षात घेण्याजोगे आहे. काचनळीच्या टीव्हीत एक रेषा संपली की इलेक्ट्रॉनचा झोत पुढच्या रेषेच्या आरंभी परतायला थोडा वेळ घेई, आणि पूर्ण चित्र संपले की खालून वर जायला आणखी थोडा. या परतीच्या वेळात पडद्यावर काहीच उमटायचे नसे. काचनळ्या गेल्या, झोत गेला, तरी हा रिकामा वेळ डिजिटल संदेशात तसाच ठेवला होता, कारण सगळी वेळापत्रके त्यावर बेतलेली होती. एचडीएमआयने आवाजाची माहिती त्याच रिकाम्या वेळात भरली. आज टीव्हीवर ऐकू येणारा सिनेमाचा संवाद, अस्तित्वात नसलेल्या झोताच्या परतीच्या काळात प्रवास करून येतो. आणि जुने मुकेपण पुरते सरलेले नाही. टीव्ही जोडला जाताच तो आपली ओळख संगणकाला कळवतो. संगणकाचा समज झाला की समोर डीव्हीआयचा मॉनिटर आहे, तर चित्र झकास दिसते आणि आवाज बंद राहतो. २९ फेब्रुवारी २०१२ ला आलेल्या ३५ डॉलरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हे इतके होई की त्याच्या मांडणीच्या फायलीत ‘एचडीएमआय_ड्राइव्ह=२’ ही ओळ घालणे हा ठरलेला उपाय झाला; १ म्हणजे मुकी जोडणी, २ म्हणजे आवाजासह. त्याच फायलीत ‘डिसेबल_ओव्हरस्कॅन=१’ अशी दुसरी ओळ असे, चित्राभोवतीची काळी पट्टी काढण्यासाठी. या पायवर एचडीएमआयसोबत पिवळ्या वायरचे जुने सॉकेटही होते, जेणेकरून जुना काचनळीचा टीव्हीही कामी यावा. केंब्रिजमध्येच जन्मलेल्या या यंत्राच्या प्रकारांना ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे बीबीसी मायक्रोवरूनच दिलेली आहेत.

शेवटचा आक्षेप असा निघेल की आता मॉनिटर आणि टीव्ही यांत फरकच उरलेला नाही, दोन्ही सपाट काचेचे, दोन्हींना तीच केबल. मग कोण कुणाच्या अटींवर आले हा प्रश्न गैरलागू आहे. माझ्या मते उत्तर पडद्याच्या आकारात आहे. संगणकाचे पडदे आधी ४:३ होते आणि नंतर बराच काळ १६:१०. २००८ ते २०१० च्या दरम्यान बहुतेक उत्पादकांनी ते १६:९ केले. हे प्रमाण उच्चदर्जाच्या टीव्हीसाठी ठरवलेले होते, आणि टीव्हीच्या काचा कापणाऱ्या कारखान्यांतून त्याच मापाच्या संगणकी काचा काढणे किफायतशीर होते. १३६६ गुणिले ७६८ ठिपके हे माप ‘एचडी रेडी’ नावाने विकल्या गेलेल्या ३२ इंची टीव्हीत आणि त्याच काळच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये दोन्हीकडे आढळते. सिनेमा पाहणाऱ्याला यात तोटा नाही. पण जो माणूस पडद्यावर पत्र लिहितो, हिशेब तपासतो किंवा प्रोग्रॅम रचतो, त्याला उंची लागते, रुंदी नव्हे. १९२० गुणिले १२०० चा मॉनिटर जाऊन १९२० गुणिले १०८० चा आला तेव्हा त्याच्या पानातून १२० रेषा गेल्या. नेहमीच्या आकाराच्या अक्षरात त्या सहा-सात ओळी होतात. लिहिणाऱ्यांनी आणि प्रोग्रॅमरांनी याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार केली. ३:२ आणि १६:१० चे लॅपटॉप आता पुन्हा मिळू लागले आहेत, पण टेबलावरच्या साध्या मॉनिटरचे माप बहुतेक ठिकाणी टीव्हीचेच आहे.